डाव्या बाजूची पेटी

शिवलिंगने मोटारसायकल अंगणात आणली. थांबल्यावर ती आपली आपणच तोल धरून उभी राहायची. गिअरही तीच बदलायची, त्यामुळे क्लच गेला आणि डाव्या पायाला काही कामच उरलं नाही. कुरियर कंपनीने मग त्या पायाच्या जागी सामानाची पेटी बसवली, आणि तेव्हापासून कंपनी डावा पाय नसलेल्यांनाच नोकरीवर घेत होती. ट्रकखाली पाय गमावलेल्या शिवलिंगचं त्यामुळे बरं चाललं होतं.

मेहुणा सिद्राम त्याचीच वाट बघत होता. यंत्रमाग बंद पडल्यापासून तो बहिणीकडेच जेवत होता.

"दाजी, तुमचा पाय कापणारा डॉक्टर अजून आहे का?"

"का रे, लग्नाला बोलावतोस काय त्याला?" शिवलिंग हसला. सिद्राम हसला नाही.

"येड्या, नसलेली बोटं अजून ठणकतात माझी. विचार तुझ्या आक्काला."

"बसून तर बघू द्या."

सिद्राम गाडीवर बसला. पेटीमुळे डावा पाय मावेना, म्हणून त्याने तो बाजूला ताठ धरला. तेवढ्यात महानंदा चहा घेऊन बाहेर आली. नवऱ्याचा पाय गेला तेव्हा कित्येक दिवस तिच्या घशाखाली घास उतरला नव्हता. आता ती भावाला चांगलं फैलावर घेईल, असं शिवलिंगला वाटलं.

तिने भावाला नीट न्याहाळलं, मग त्या पायाकडे पाहिलं.

"शोभतोस की रे गाडीवर," ती म्हणाली. "तेवढा पायच नडतोय."