चौदावं मिनिट

“इथे काय झालंय, सर?” प्रशिक्षक बाईंनी पडद्यावरच्या आलेखावर लाल ठिपका नेऊन ठेवला.

संख्याशास्त्राचे सर खुर्चीत सावरून बसले. कार्यशाळेचा हा पाचवा दिवस. सकाळी नऊपासून बत्तीस प्राध्यापक ऑनलाइन कसं शिकवावं ते शिकत होते, आणि विद्यार्थी म्हणून ते सगळेच वाया गेलेले होते. इतिहासाच्या मॅडम उघड्या डोळ्यांनी झोपत होत्या. रसायनशास्त्रवाले टेबलाखाली मोबाइलवर पत्ते खेळत होते. सरांचीही पाठ धरली होती. पण प्रमाणपत्राशिवाय पुढच्या सत्रात कोणालाच ऑनलाइन वर्ग मिळणार नव्हता, आणि सरांना तो हवाच होता. ऑनलाइन वर्ग म्हणजे आठवड्यातले तीन दिवस घरी. घरी आई एकटी असायची. बाबा गेल्यापासून तर फारच एकटी.

आलेख कॉलेजच्या साइटवरच्या, सरांच्याच व्हिडिओचा होता. दोन वर्षांपूर्वी घरी बसून केलेलं, बावन्न मिनिटांचं रेकॉर्डिंग. कोणतं मिनिट किती वेळा पाहिलं गेलं ते त्यात दिसत होतं. पहिल्या पाच मिनिटांतच रेघ घरंगळत खाली आली होती. ते तर सगळ्यांचंच होतं. पण चौदाव्या मिनिटाला ती एकदम ताठ उभी राहिली होती.

“मुलं इथे अडकतायत,” बाई म्हणाल्या. “परत परत मागे जाऊन बघतायत. आपणही बघू या.”

त्यांनी व्हिडिओ लावला. पडद्यावरचे सर, केस आताच्यापेक्षा जरा जास्त, सरासरीपासूनचं अंतर समजावून सांगत होते. मागे दार करकरलं. एक म्हातारा आवाज आला, “अरे, माझा चष्मा पाहिलास का रे? इथेच ठेवला होता बघ.”

“बाबा! वर्ग चालू आहे! जा बरं तुम्ही!”

“अरेच्चा, कपाळावरच आहे की. बरं बरं, चालू दे तुझं.” दार पुन्हा करकरलं.

खोलीत हशा पिकला. रसायनशास्त्रवाल्यांनी पत्ते सोडून टाळ्या वाजवल्या. सरही हसले, कारण न हसणं वाईट दिसलं असतं. बाबांना जाऊन अकरा महिने झाले होते. इतक्या दिवसांनी तो आवाज अवचित कानावर पडला. पण त्याहून जास्त टोचला तो स्वतःचा आवाज. चार पावलं चालत आलेल्या म्हाताऱ्या माणसावर आपण असे खेकसायचो? सरांना लाज वाटली. ती गेल्या अकरा महिन्यांत अधूनमधून वाटायचीच, पण आज बत्तीस जणांसमोर वाटली.

“व्यत्यय आहे,” बाईंनी निकाल दिला. “विषय कठीण नाहीये. मुलांचं लक्ष उडतं, म्हणून ती मागे जातात. कालच कापायला शिकलो ना आपण? एवढं कापा, की तुमचा शेवटचा स्वाध्याय पूर्ण. प्रमाणपत्र लगेच देते.”

सरांनी माउस हातात घेतला. बावीस सेकंद निवडले. पडद्यावर चौकट आली : मूळ व्हिडिओ कायमचा बदलला जाईल. पुढे जायचं? दुसरी प्रत कुठेच नव्हती. घरचा लॅपटॉप केव्हाच मोडीत गेला होता. सरांचं बोट अडखळलं. मग पुन्हा तो तुसडेपणा आठवला. आपला हा सूर जगात कुठेही शिल्लक राहू नये, असं त्यांना मनापासून वाटलं. त्यांनी ‘हो’ दाबलं.

“छान. आता हे पुढचं बटण,” बाई म्हणाल्या. “कोणी किती वेळा पाहिलं, तेही यात कळतं.”

यादी उघडली आणि बाई थबकल्या. चौदावं मिनिट तीनशे बारा वेळा पाहिलं गेलं होतं. त्यांपैकी तीनशे एक वेळा एकाच खात्यावरून. खातं खुद्द सरांचं होतं.

“स्वतःच्याच प्रेमात पडलात की काय, सर?” इतिहासाच्या मॅडम आता खडखडीत जाग्या झाल्या होत्या.

“अहो, मी हा व्हिडिओ कधी उघडलासुद्धा नाही,” सर म्हणाले. ते खरंच होतं. स्वतःचं तोंड पडद्यावर बघणं त्यांच्या जिवावर यायचं. कोणी विश्वास ठेवला नाही. यंत्र कधीकधी चुकतं, असं म्हणून बाईंनी विषय मिटवला. सगळी हयात आकड्यांत गेलेल्या सरांनी तेही मान्य करून टाकलं, इतके ते दमले होते. प्रमाणपत्र त्यांनी घडी पडणार नाही असं पिशवीत ठेवलं आणि बस पकडली.

घरी बेल वाजवली तर आईने दार उघडलं नाही. सरांनी आपल्या किल्लीने उघडलं. “आई, झालं गं काम! पुढच्या सत्रापासून आठवड्यातले तीन दिवस मी घरीच.”

आई खिडकीपाशी बसली होती. तिच्या मांडीवर सरांचा जुना टॅबलेट होता. धाकट्या बहिणीच्या बाळाचे फोटो बघायला म्हणून तो त्यांनीच तिला दिला होता, स्वतःच्या खात्यासकट. पडद्यावर, केस जरा जास्त असलेले सर सरासरीपासूनचं अंतर समजावून सांगत होते.

सर दारातच उभे राहिले. पिशवी खाली ठेवायचंही त्यांना सुचलं नाही.

“बरं झालं आलास,” आई म्हणाली. तिने सरावाने बोट फिरवून व्हिडिओ पुन्हा मागे नेला. “ह्याला काय झालंय बघ रे जरा. रोज चहाच्या वेळी चष्मा विचारायला येतात. आज मी केव्हाची बसलेय, पण हे आलेच नाहीत.”