सुपातले मूल

“हा तुझा सख्खा भाऊ आहे का?”

प्रश्न बारा वर्षांच्या क्रांतीला होता. विचारणारा प्रविण त्या फाट्यावर मोबाइल रिचार्जचे दुकान चालवीत असे. त्याच्या एका हातात काठी होती आणि दुसऱ्या हातात क्रांतीच्या बापाची, भीमाची, कॉलर होती. भोवती साठ-सत्तर माणसे जमली होती.

२०१८ च्या जूनचा पहिला आठवडा होता. मुले पळवणारी टोळी हिंडत असल्याचा संदेश त्या दिवसांत प्रत्येकाच्या भ्रमणध्वनीवर येऊन पडला होता. अनोळखी पुरुष आणि सोबत न बोलणारे मूल, एवढेच त्यात वर्णन होते.

भीमा चिंचणीचा मासेमार. शाळेची सुट्टी संपण्यापूर्वी तो दोन्ही मुलांना तलासरीकडे, त्यांच्या मामाच्या गावी नेत होता. पाऊस तोंडावर आल्यामुळे त्याची बायको जमुना सुकत घातलेली मासळी सोडून येऊ शकली नव्हती. सात वर्षांचा काळ्या बोलत नसे. मोकळा रस्ता दिसला की तो धावत सुटे. म्हणून भीमाने जाळ्याच्या दोरीने त्याचे मनगट आपल्या मनगटाशी बांधले होते. कासा गाव सोडल्यावर चालकाने जीपमधले गाणे मोठे केले. काळ्याने कान दाबले, किंकाळी फोडली आणि शेजारच्या माणसाच्या दंडाला चावा घेतला. चालकाने तिघांनाही या फाट्यावर उतरवले व तो निघून गेला. काळ्या किंचाळतच राहिला. अखेरीस भीमाने त्याच्या तोंडावर हात ठेवला.

फाट्यावरच्या लोकांना दिसले ते एवढेच: दोरीने बांधलेला मुलगा आणि त्याचे तोंड दाबणारा परका माणूस.

पहिल्याच झटापटीत भीमाचा फोन फुटला, कपाळालाही खोक पडली. दोरी कोणीतरी कोयत्याने कापली. काळ्याला दुकानाच्या ओट्यावर बसवून बिस्कीट देण्यात आले. तो आता शांत होता. बिस्किटाची नक्षीदार कड तो बोटाने पुन्हा पुन्हा चाचपत होता. हा तुझा पप्पा का, असे त्याला तीनदा विचारले गेले. त्याने वर पाहिले नाही.

“आधार कार्ड काढ.”

“घरी ऱ्हायलं, दादा.”

“पकडला की सगळ्यांचं घरीच ऱ्हातं,” मागून कोणी म्हणाले, आणि चार जण हसले.

मग प्रश्न क्रांतीकडे वळला. तो तिला नवीन नव्हता. बाजारात, एसटीत, लग्नघरी परक्या माणसाने विचारले तर काय उत्तर द्यायचे, हे तिला पाचव्या वर्षापासून पाठ होते. तिने बापाकडे पाहिले आणि तेच उत्तर दिले.

“आमचा नाय तो. विकत घेतलेला हाय.”

गर्दीतून एकच गर्जना उठली. पहिली काठी भीमाच्या खांद्यावर बसली.

मुलगी खोटे बोलली नव्हती. क्रांतीच्या पाठीवर झालेले जमुनाचे दोन मुलगे पाळण्यातच गेले होते. म्हणून काळ्या जन्मला तेव्हा त्याला सुपात घालून उंबऱ्याबाहेर ठेवले. शेजारणीने सूप उचलले आणि जमुनाने मूठभर तांदूळ देऊन तिच्याकडून आपलेच मूल विकत घेतले. नावही मुद्दाम काळ्या ठेवले. मूल आपले नव्हेच, असे परक्यांना सांगत राहायचे, म्हणजे वाईट नजर त्याच्याकडे वळत नाही.

भीमाने हा नेम एकदाच मोडला होता. काळ्या तेव्हा दोन वर्षांचा होता. महालक्ष्मीच्या जत्रेत बापाच्या खांद्यावर बसून तो उंच पाळण्याकडे बोट दाखवीत “होडी, होडी” म्हणत होता. एका बांगडीवाल्याने कौतुकाने विचारले, “कोणाचा रे हा गोड पोरगा?” भीमाचा ऊर भरून आला. तो म्हणाला, “माझा.” त्याच पावसाळ्यात काळ्याचे शब्द एकेक करून गेले. आधी मासा गेला, मग होडी, सर्वांत शेवटी आई. डॉक्टरीणबाईंनी नीट समजावले होते की या मुलाच्या मेंदूची घडण जन्मतःच निराळी आहे, कोणाच्या बोलण्याने असे घडत नाही. भीमाने मान डोलावली होती. विश्वास मात्र ठेवला नव्हता.

दुसरी काठी उगारली गेली तोच ठकी नावाची म्हातारी माणसांना ढकलीत आत शिरली. ती फाट्यावर करवंदे विकत असे.

“थांबा रे मेल्यांनो! सुपातला पोरगा हाय तो. माझा शुक्रापण असाच घेतलेला. आणि प्रविण, तुझ्या बापालापण तुझ्या आजीनं मूठभर तांदळाला घेतला होता. घरी जाऊन इचार!”

कोणीतरी फिसकन हसले. प्रविणचा हात सैल पडला. गर्दीतला जोर ओसरू लागल्याचे स्पष्ट जाणवले.

“ठीक आहे आजी,” तो म्हणाला. “मग त्यानं तोंडानं सांगावं. पोरगा माझा आहे, एवढंच. सोडतो आम्ही.”

ठकी भीमाजवळ बसली. तिने पदराने त्याच्या कपाळावरचे रक्त टिपले.

“बोल बाबा. एकदाच माझा म्हण, आणि जा पोरांना घेऊन.”

“पप्पा, बोल ना!” क्रांती हुंदके देत होती.

भीमाने मान वर केली. सत्तर अनोळखी माणसे डोळे रोखून उभी होती. कोणी त्याच्याकडे पाहत होते, कोणी ओट्यावरच्या काळ्याकडे. त्या वेळी जत्रेत एकाच परक्यासमोर तो शब्द उच्चारला होता, तर मुलाची वाचा गेली. काळ्यापाशी आता जाण्यासारखे काही उरले असेल, तर तो केवळ जीव होता.

प्रविणने काठी पुन्हा घट्ट धरली. “शेवटचं विचारतो. पोरगा तुझा का?”

“नाय,” भीमा सर्वांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला. “माझा नाय.”