दुसरी चकती

जंतू वाढवलेली काचेची बशी हरितानं तिच्या पीएचडीच्या गाईडसरांच्या नाकासमोर धरली. पानांच्या अल्कोहोलमध्ये काढलेल्या अर्कात बुडवलेल्या कागदी चकतीभोवती जंतू मेले होते. नुसत्या अल्कोहोलमध्ये बुडवलेल्या चकतीभोवतीही तेवढेच. “पानं काहीच करत नाहीत, सर. जंतू मारले ते अल्कोहोलनं.” “ती दुसरी चकती फोटोत घेऊ नकोस,” सर शांतपणे म्हणाले. “उद्या पापनाशम गावात या पानांचं मलम वाटायचंय.” हरिताची कानशिलं तापली. भातलावणी करून पाय चिघळलेल्या तिथल्या बायका सरांच्या शब्दाखातर दवाखान्याची औषधं सोडणार होत्या, आणि मलमात तर अल्कोहोलही नव्हतं. “अगं, झाडपाल्यानं कधी कुणाचं वाईट झालंय?” सरांच्या पायाच्या अंगठ्याची जखम मधुमेहामुळे महिनाभर भरत नव्हती. हरिता मलमाची डबी उघडून त्यांच्या पायाशी बसली. “मग तुमच्या गोळ्या आजपासून बंद. सोडा ती पट्टी, मीच लावते.” सरांनी आपला पाय झटकन खुर्चीखाली ओढून घेतला.