पाण्यातले रानबोकड

नारीन नदीच्या वरच्या अंगाला, राष्ट्रीय उद्यानातल्या तळ्याकाठी बसून बसून साबिराचं अंग आंबून गेलं होतं. गवत पिवळं पडलं होतं, बोटं कॅमेऱ्यावर गारठली होती. एक चांगला फोटो मिळाला की घरी जाऊन झोपायचं, एवढंच तिला हवं होतं.

दुपारी रानबोकडांचा कळप पलीकडच्या काठावर उतरला आणि माना खाली घालून पाणी पिऊ लागला. तिनं भराभर फोटो काढले.

ते पाहताना ती थबकली. काठावरचे बोकड पाणी पीत होते. पाण्यातल्या प्रतिबिंबांनी मात्र माना वर केल्या होत्या, आणि ती सगळी तिच्याकडेच बघत होती.

"तोकोनकाका, हे बघा जरा."

तिच्यासोबत आलेल्या म्हाताऱ्या वनरक्षकानं फोटो पाहिला आणि तो उठला. "चल पोरी. जीपमध्ये बस."

"पण हे आहे तरी काय?"

"माझा बापही हेच विचारत इथं बसून राहिला होता," तो थकल्या आवाजात म्हणाला. "सामान राहू दे."

साबिराला उठण्याचंही त्राण नव्हतं. तिनं तळ्याकडे पाहिलं. कळप केव्हाच डोंगर चढून गेला होता. पाण्यातले बोकड मात्र, एकही तरंग न उठवता, तिच्या काठाकडे चालत येत होते.