सत्कारानं खाल्लेला तास

आतून कडी लावून प्रशिक ब्लेड घेऊन बसला होता. दाराबाहेर मानसिक आरोग्याच्या गाडीतून आलेली मेघा उभी होती, मागे ड्रायव्हर दोर घेऊन. "बांधून टाकू मॅडम, काहून टाइमपास करून राहिल्या?" "बांधू नोका वं," प्रशिकची आई कळवळली. "तुम्ही बोलून शांत करता, म्हणून बोलावलं." पण बोलायचं कसं? मेघाच्या प्रशिक्षणात तोच तास प्रमुख पाहुण्यांच्या सत्कारानं खाल्ला होता. तिनं प्रशिक्षण घेणाऱ्या साहेबांना फोन लावला. तिकडे टाळ्या वाजत होत्या. "सत्कार सुरूय, नंतर बोलू." मेघाचं डोकं सणकलं. ती दाराशी फतकल मारून बसली. "प्रशिक, मले काहीच शिकवलं नाही गा. तूच सांग, काय होऊन राहिलं?" प्रशिक रडत बोलू लागला. मग दाराखालून ब्लेड बाहेर आलं. मेघा ड्रायव्हरवर कडाडली, "हा दोर साहेबाले दे. सत्काराचा मंडप बांधाले कामी येईल."