पिंपळाचं वळण

"वाक," लवू म्हणाला, आणि राजेश खाटेकडे पाठ करून वाकला.

लवूचे हात त्याच्या गळ्यात पडले. राजेशने त्याचे लुळे पाय काखेत घेतले, एक हिसका देऊन ओझं नीट पाठीवर बसवलं आणि नायगावच्या चाळीचे जिने उतरू लागला. एकेकाळी याच जिन्यांवरून दोघं खांद्यावर सायकली घेऊन पळायचे. सायकलक्रॉसच्या शर्यतीत चिखल असतो, वाळू असते, आडव्या फळ्या असतात. जिथे चालवणं जमत नाही तिथे सायकल खांद्यावर टाकून धावायचं. त्याचा हा सराव. तेव्हा अख्खी चाळ त्यांना हसायची. आता तीच चाळ राजेशकडे बोट दाखवून पोरांना सांगायची, मित्र असावा तर असा.

"सांभाळून रे," वरून लवूची आई, कमलकाकी म्हणाली. "तू आसस म्हणान बरा."

राजेशने मान वर केली नाही. तीन वर्षं तो रोज सकाळी येत होता. लवूला गॅलरीच्या टोकाला संडासात न्यायचं, आंघोळ घालायची, कपडे चढवायचे, मग कामावर पळायचं. संध्याकाळी पुन्हा हजर. त्यापायी रुपालीशी ठरलेलं लग्न दोनदा पुढे गेलं होतं. आता तिची पुण्याला बदली झाली होती, त्यालाही तिथे नोकरी लागली होती. "रविवारपर्यंत लवूला सांग," ती म्हणाली होती, "नाहीतर मी एकटी जाते." ती रागावून म्हणाली असती तर त्याला बरं वाटलं असतं. ती अगदी शांतपणे म्हणाली होती.

खाली हेरंब गाडी घेऊन उभा होता. दादरचा हा हौशी गडी दरवर्षी शिवडीला, गोदामांमागच्या मोकळ्या जागेत दोस्तांची शर्यत भरवायचा. शनिवारी सराव, रविवारी खरी चुरस. लवू पडला तो तिथेच. त्यानंतर राजेश सायकलवर बसला नव्हता. यंदा लवूनेच हट्ट धरला होता. "तू उतरायचंस. मी बघायला येणार."

मैदानावर पोचल्यावर हेरंबने व्हीलचेअर तंबूच्या सावलीत लावली.

"इथे नको," लवू म्हणाला. "पिंपळाच्या वळणावर बसवा मला. पडलो तिथे."

"कशाला रे उगाच?" हेरंब गडबडला.

"अरे, मला कुठे काय आठवतंय? सकाळी वडापाव खाल्ला, त्यानंतर डायरेक्ट हॉस्पिटल." लवू हसला, तेव्हा कुठे बाकीचेही हसले.

राजेशने त्याला वळणापाशी नेलं. पिंपळाच्या पलीकडे सिमेंटचं खोल, कोरडं गटार होतं.

"सांग ना राज्या," लवू म्हणाला, "कसं झालं होतं?"

ही गोष्ट तो अधूनमधून सांगायला लावायचा. बिचाऱ्याला आपल्या आयुष्यातला तो दिवस दुसऱ्याच्या तोंडून ऐकावा लागत होता. राजेशही कधी टाळायचा नाही.

"तू पुढे होतास, मी मागे. वळणावर चिखल होता. तुझं चाक घसरलं, तू गटारात गेलास. मी सायकल टाकून उडी मारली."

"शेवटची फेरी होती ना?"

"शेवटची."

"म्हणजे मीच जिंकलो असतो."

"तूच," राजेश म्हणाला.

रविवारी लवू घरून स्टीलची थाळी आणि चमचा घेऊन आला. शिट्टी झाली आणि राजेशचं अंग काहीच विसरलं नसल्याचं दिसलं. फळ्यांपाशी तो अलगद उतरला, सायकल खांद्यावर टाकून धावला, पुन्हा टांग मारून बसला. बघता बघता तो सगळ्यांच्या पुढे गेला. पण पिंपळाचं वळण आलं की थाळी बडवली जाई आणि लवू ओरडे, "कोपर आत घे, राज्या! कोपर आत!"

आजूबाजूची मंडळी खूश होऊन टाळ्या पिटायची. राजेश मात्र प्रत्येक फेरीत त्या वळणावर अधिकच हळू होत गेला. शेवटच्या फेरीत तर त्याने करकचून ब्रेक दाबला आणि पाय टेकून उभाच राहिला. एकेक करत सगळे पुढे निघून गेले. तो शेवटून पहिला आला.

"गोगलगायीशी पैज लाव पुढच्या वर्षी," हेरंबने चिडवलं आणि सगळे सायकली धुवायला गेले.

राजेश चिखलाने माखलेला तसाच व्हीलचेअरपाशी बसला. आत्ता नाही तर कधीच नाही. त्याने एका दमात सगळं सांगून टाकलं. पुणं, नोकरी, रुपाली. कमलकाकींच्या मदतीला माणूस ठेवू, दर रविवारी मी येईन, हेही सांगितलं.

लवूने शांतपणे ऐकून घेतलं. "मस्त झालं की. किती दिवस थांबवशील तिला?"

राजेशचे डोळे भरून आले. इतकं हलकं त्याला कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं. त्याने रुपालीला फोन लावायला मोबाइल काढला.

"थांब," लवू म्हणाला. "आधी एकदा ती गोष्ट सांग."

राजेशने आनंदाने सुरुवात केली. "तू पुढे होतास, मी मागे. वळणावर चिखल होता. तुझं चाक घसरलं—"

"त्याच्या आधी."

"आधी काय?"

"आधी तू माझ्या बाजूला आलास. कोणी बघतंय का, ते मागे वळून पाहिलंस. मग कोपराने ढकललंस."

तंबूकडे कोणीतरी मोठ्याने हसलं. राजेशच्या हातातला मोबाइल मांडीवर पडला.

"कधी... कधी आठवलं तुला?"

"विसरलो कधी होतो?" लवूने चमचा थाळीत ठेवला. "पोलिसांना सांगितलं असतं, तर आतापर्यंत सुटला असतास तू. चल, वाक."