गेल्या सालचा

कॅनडात, विनिपेगच्या इस्पितळात हुबेहूब सारखे जुळे झाले. एकतीस डिसेंबर सरता सरता रॉस आला आणि दहा मिनिटांनी, नव्या वर्षात, डार्सी.

आइस हॉकीत पोरांचे गट जन्मसालावरून पडतात. त्यामुळे रॉस कायम दांडग्या पोरांत सगळ्यात लहान, म्हणून बाकावर बसून राहिला. डार्सी आपल्या गटात सगळ्यात थोराड, म्हणून कप्तान झाला.

आज डार्सीला व्यावसायिक संघानं घेतलं. दारात आलेल्या टीव्हीवाल्यानं रॉसचाच हात धरून अभिनंदन केलं.

"माल तोच आहे हो," रॉस हसला, "पण मी गेल्या सालचा!"

टीव्हीवाल्यानं माइक वडिलांपुढे धरला. "असा खेळाडू घडतो तरी कसा?"



कॅमेऱ्यासमोरून रॉसला बाजूला सारत वडील छाती काढून म्हणाले, "अहो, खेळ मुळात रक्तातच असावा लागतो!"